पैसे घेणाऱ्याचं पूर्ण नाव

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, देवालाही नाही. देवाला न सांगण्याचं कारण, आमचं बोलणं नाही. बायकोला न सांगण्याचं कारण, तिनं विचारलं नाही. दडवलेलं सत्य माणसाला आतून पोखरतं असं म्हणतात. मीही ते बऱ्याच चांगल्या पुस्तकांत वाचलं होतं. म्हणून तीन वर्षं वाट पाहिली. काही पोखरलं नाही. झोप लागते, साखर आटोक्यात आहे, परवाच डॉक्टर म्हणाले की तुमचं वय वाटत नाही. तेव्हा मी आतून खचून हे सांगतोय असा समज नको. मग का सांगतोय? — ते मलाही नीटसं माहीत नाही.

कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी तीस वर्षं कॉमर्स शिकवलं. निवृत्त झालो तेव्हा शाल, नारळ आणि 'ज्ञानाचा अथांग सागर' असं छापलेलं मानपत्र मिळालं. मानपत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या लाल पेनानं दुरुस्त करून मी ते कपाटात ठेवलं. थोरपणाचा मला पहिल्यापासून कंटाळा — म्हणजे लोकांच्या थोरपणाचा. आपलाही काही असेल, ही शंका कधी आली नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर मागच्या दोन खोल्यांत शालाक्का राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शिकायला आलेल्या पोरांना आणि एकट्या नोकरदारांना त्या डबे पुरवतात. मुलगा प्रवीण माझा विद्यार्थी, हिशेबाच्या विषयात काठावर सुटलेला. आता मस्कतला एसी दुरुस्त करतो आणि माझ्याहून जास्त कमावतो, हेही सांगून टाकतो.

तीन वर्षांपूर्वी आक्कांना एसटी स्टँडजवळचा एक गाळा मिळत होता. खानावळ काढायची, टेबलं मांडायची, भिंतीवर दर लिहायचे, असं त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. मालकानं विसार मागितला चाळीस हजार, शनिवारी संध्याकाळपर्यंत. प्रवीण द्यायला तयार होता. पण पाठवायचे कसे? एरवी रजेवर येणाऱ्या इचलकरंजीच्या एका मित्राच्या हातून पैसे यायचे; ह्या खेपेला कुणी येणार नव्हतं. आक्कांचं खातं एका पतसंस्थेत, आणि तिथं परदेशातला पैसा उतरत नाही. बँकेत नवं खातं काढायचं तर तेवढे दिवस हातात नव्हते. प्रवीणनं मला फोन केला.

"सर, कशानं पाठवू? तुम्ही सांगशीला तसं."

तुम्ही सांगशीला तसं! निवृत्त मास्तराला ह्या तीन शब्दांनी काय होतं, ते मास्तर झाल्याशिवाय कळायचं नाही. मी तक्ता केला. मस्कतहून कोल्हापूरला पैसे पाठवणाऱ्या पाच सेवा आणि सात रकाने — फी, रियालचा दर, त्या दिवसाचा बाजारातला दर, दोन दरांतला फरक, हातात पडणारी रक्कम, लागणारा वेळ, शेरा. खाली टीपही लिहिली की 'शून्य फी' ह्या शब्दांना भुलू नये. जो फी घेत नाही तो दरात कापतो, आणि दरातलं कापणं पावतीवर दिसत नाही. टीप आजही खरी आहे. एक अ‍ॅप सर्वांत स्वस्त होतं, पण त्याला बँकेचं खातं लागत होतं, आणि दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यावर घ्यायचा नाही हा माझा जुना नियम. म्हणून मी एक एक्स्चेंज हाऊस निवडलं. तिकडं रियाल भरायचे, इकडं काउंटरवर ओळखपत्र दाखवून रोख घ्यायची. तक्ता चांगला होता. अजून माझ्याकडे आहे. त्यात नावाचा रकाना नव्हता.

बुधवारी संध्याकाळी प्रवीणचा मेसेज आला. "सर, फॉर्मवर आईचं आधारवरचं पूर्ण नाव मागत्यात. आईकडं साधा फोन हाय. तेवढं आधार बघून लिवून पाठवा."

बघून. हा शब्द त्यानं लिहिला होता. आणि खाली जायला अठरा पायऱ्या आहेत, मी त्या मोजलेल्या आहेत, नंतर. पण तेव्हा मी टिपेची भाषा घासत होतो. वीस वर्षं शेजारी राहणाऱ्या बाईचं नाव बघायला खाली कशाला जायचं? मी वर बसूनच लिहून टाकलं — शालन, नवऱ्याचं नाव, आडनाव. इंग्रजी स्पेलिंग निर्दोष होतं.

आता, आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात हे मला माहीत नव्हतं का? माझ्या स्वतःच्या बायकोचं बदललंय. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव मीच लिहिलं होतं. आक्का माहेरच्या हौसाबाई, हातकणंगल्याजवळच्या; हे मला मागाहून कळलं. शालन झाल्या त्या सासरी. पेठेत सगळे शालाक्काच म्हणतात. पण आधार कार्ड काढताना समोरच्या माणसानं म्हटलं, "मावशी, खरं नाव सांगा." आता खरं नाव कुठलं? सासरच्यांनी तांदळात लिहिलेलं, की आईबापानं पाळण्यात ठेवलेलं? आक्कांनी प्रश्नाचा सरळ अर्थ घेतला आणि सांगितलं, हौसाबाई. इतका नेमका विचार सरकारी खिडकीवर कुणी करत असेल असं मला वाटलं नव्हतं.

गुरुवारी प्रवीणनं पैसे भरले. शुक्रवारी सकाळी आक्का मी चिठ्ठीवर लिहून दिलेला व्यवहाराचा नंबर घेऊन काउंटरवर गेल्या. तासाभरात परत आल्या, जिन्यातूनच ओरडत.

"सर, त्यो पोरगा म्हणतोय, पैसं आल्यात पर ही बाई तुम्ही न्हवं! मी म्हणलो, मग मी कोण रं? तुझी सासू?"

आणि हसल्या. कार्ड माझ्यापुढे धरलं. हौसाबाई. मी वाचलं, आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. इथं मी थोडा थांबतो, कारण इथपर्यंत जे झालं तो निष्काळजीपणा होता, आणि निष्काळजीपणाचा कबुलीजबाब कुणी देत नसतो. तो तर आपण कौतुकानं सांगतो, 'आमचा वेंधळेपणा' म्हणून. मी म्हणू शकलो असतो, "आक्का, नाव मी चुकवलं." किती शब्द झाले?

मी म्हणालो, "प्रवीणनं नाव चुकीचं घातलंय."

त्यांचं हसणं थांबलं. मला वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्या नाहीत.

"आईचं नाव?" त्या म्हणाल्या. "पोटच्या पोराला आईचं नाव म्हाईत न्हाई?"

मी म्हणालो, "होतं असं. परदेशात गेलं की."

हे दुसरं वाक्य मी का बोललो? पहिल्यानं माझं काम झालं होतं. दुसरं निव्वळ वाक्य चांगलं वाटलं म्हणून बोललो.

त्या खाली गेल्या. मी फोन उघडला, बुधवारचा माझा मेसेज शोधला आणि दोघांच्याही फोनवरून पुसून टाकला. पुसला तरी तिथं एक ओळ राहतेच, की इथला संदेश काढून टाकलाय. कंपनीनं ही सोय कशासाठी ठेवलीय कोण जाणे. दुपारी प्रवीणनं लिहिलं, "सर, आईचा फोन आलता. लई बोलली. नाव कुठलं घालू?" मी उत्तर दिलं, "हौसाबाई. तेच कळवलं होतं. नीट वाचायला हवं होतंस." दोन निळ्या खुणा उमटल्या. मग आलं, "व्हय सर. माझंच चुकलं."

त्यानं ती पुसलेली ओळ पाहिली नसेल? एसीच्या यंत्रातली बारीक गळती शोधून काढणारा माणूस तो.

नाव दुरुस्त करायला वेळ लागला. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवारी सुट्टी, आपल्याकडे रविवारी; दोन देशांचे सुट्टीचे वार एकमेकांना चिकटून आले. पैसे मंगळवारी हातात पडले. गाळा शनिवारी संध्याकाळीच दुसऱ्यानं घेतला. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

अजून एक आहे, आणि ते सांगायचं टाळता येईल का हे मी मघापासून बघतोय. त्या शुक्रवारी माझ्या खात्यात चाळीस हजारांहून बरेच जास्त पडून होते. बँक चौकात आहे. काढून विसार देता आला असता, मंगळवारी परत मिळाले असते. आक्कांनी मागितले नाहीत, त्या मागत नाहीत. मी का दिले नाहीत? पैशाची भीती नव्हती. पण दिले असते तर आक्कांनी विचारलं असतं, "तुम्ही का, सर?" आणि त्या प्रश्नाचं एकच उत्तर होतं. म्हणजे एका बाईची खानावळ गेली ती स्पेलिंगमुळे नाही, सुट्टीमुळे नाही. मला एक प्रश्न विचारला जाऊ नये म्हणून गेली.

पुढं काय झालं? फार काही नाही. आक्का डबेच पुरवतात, आता वीसेक. प्रवीणशी बोलणं तुटलं नाही. तुटलं असतं तर बरं, असं मला कधीकधी वाटतं. रविवारी त्याचा फोन येतो. आक्का मागच्या दारात बसून बोलतात, मोठ्यानं, आणि माझी खिडकी बरोबर वर आहे. पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "कोण बोलतंय म्हाईत हाय का? सांग बघू नाव." पलीकडून तो काय म्हणतो ते ऐकू येत नाही. काहीतरी म्हणत असणार, कारण मग त्या म्हणतात, "हां. आता बोल." सुरुवातीला ह्यात राग होता. आता थट्टा आहे. पण थट्टा दर रविवारी होते.

गल्लीतही ते पसरलं. गेल्या वर्षी तो रजेवर आला तेव्हा चहाच्या गाड्यावर त्याच्याच वयाच्या एकानं हाक मारली, "काय पावणं! आईचं नाव पाठ केलासा का?" सगळे हसले. मीही तिथं होतो, कप हातात घेऊन. प्रवीण हसला. त्यानं माझ्याकडं पाहिलं — तक्रार नव्हती त्या पाहण्यात, मी नीट शोधली — आणि म्हणाला, "सरांनी शिकवलंय की आता." मग माझ्या चहाचे पैसेही त्यानंच दिले. मी देऊ दिले.

मधल्या काळात आमच्या मंडळानं माझं व्याख्यान ठेवलं, 'परदेशातील पैसा आणि आपण'. माझा तक्ता फ्लेक्सवर मोठा करून लावला होता. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. आक्का पहिल्या रांगेत होत्या. नंतर शेजारणीला सांगत होत्या, "सर हुतं म्हणून पैसं सापडलं. न्हाईतर माझ्या पोरानं बुडवलंच हुतं." मी ऐकलं आणि शालीची घडी घातली. एवढ्या काळजीनं मी कधीच घडी घातलेली नाही.

कारणं द्यायची तर माझ्याकडे बरीच आहेत, आणि मास्तर असल्यानं ती मुद्देसूद मांडता येतील. देत नाही. नाव मी चुकवलं. खोटं मी बोललो. आईच्या तोंडून मुलाला जे ऐकावं लागलं आणि अजून लागतं, ते माझ्या नावचं आहे. कुणी मला माफ करावं असं काही ह्यात नाही. मीही ते मागत नाही.

सगळं जसं घडलं तसं, काही न गाळता, मी इथं लिहून दिलं आहे, आणि हे छापून येणार आहे.

शालाक्कांना वाचता येत नाही.