पट्टा ताणला होता

त्याचं खरं नाव गल्ली विसरून गेली होती. सगळे त्याला अचूकराव म्हणत. तो पिस्तुलाची चामडी होल्स्टरं शिवायचा. गिऱ्हाईक "माझी कंबर छत्तीस" म्हणालं की हा मान वर न करता म्हणे, "छत्तीस घरी ठेवा. पट्टा बांधून उभे राहा." साहेबलोक श्वास धरून पोट आत घेत. हा त्यांना गप्पांत गुंतवी आणि पोट आपसूक जागेवर आलं की मगच खूण करी. पट्टा ओवायची खाच पट्ट्याच्या रुंदीइतकीच कापायची, नाहीतर होल्स्टर चालताना झोके घेतं. ओलं चामडं लाकडी पिस्तुलावर दाबायचं, त्याच्या पाठीला कमरेचा बाक द्यायचा आणि सावलीत वाळवायचं. मग धावा नाहीतर पडा, ते जागचं हलत नसे.

त्याचा थोरला भाऊ बँकेच्या दारात पहारा करी. त्याचा पट्टा आणि होल्स्टर दोन्ही अचूकरावाने जीव ओतून केलेले. एका दुपारी तो दुकानात आला.

"अचूकराव, होल्स्टर लोंबतंय तुमचं. मॅनेजर विचारतो, सख्ख्या भावाने शिवलंय की सावत्र?"

अचूकरावाला मिरच्या झोंबल्या. बघतो तर पट्टा कमरेवर सैल. "पट्टा ताणलाय. फसवलं मला त्या कातडंवाल्याने!" त्याने आतल्या बाजूला नवं भोक पाडलं आणि होल्स्टरचा बाक वाढवून दिला.

दोन महिन्यांनी भाऊ पुन्हा आला, नंतर आणखी एकदा. दर वेळी नवं भोक पडलं आणि कातडंवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. पट्टा कोणत्या खुंटीवर टांगतोस, घाम फार येतो का, पावसात भिजला होता का, सगळं विचारून झालं. दादा, जेवतोस ना नीट, एवढं मात्र विचारायचं राहिलं.

मग एका सकाळी वहिनी आली. हातात तोच पट्टा.

"भावजी, यांना दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर विचारतात, वजन कधीपासून उतरतंय? मला सांगताच येईना हो. रोज डोळ्यांसमोरचा माणूस." तिने पदर तोंडाला लावला. "फार उशिरा आणलंत म्हणाले."

अचूकरावाने पट्टा घेतला. तो ज्या पत्र्याच्या मापाने कापला होता, ते माप अजून भिंतीवर होतं. त्याने पट्टा त्यावर धरला. टोकाला टोक बरोबर. इतक्या वर्षांत पट्टा सूतभरही ताणला नव्हता.

"वहिनी," तो भोकांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "डॉक्टरांना सांगा, सात महिने. हे पहिलं." पुढची दोन त्याला दाखवता आली नाहीत.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. दादा उशीला टेकून बसला होता. सदरा खांद्यावरून घसरत होता.

"काय रे, त्या कातडंवाल्याला उगाच शिव्या घातल्यास म्हणे?"

आपला माल वाईट निघाला असं अचूकरावाने जन्मात कबूल केलं नव्हतं.

"उगाच कसल्या? ताणलाच होता पट्टा. कातडं निवडताना मीच चुकलो, दादा."

"हात्तिच्या! मी म्हटलं, मीच वाळलो की काय." दादा हसला, मग बराच वेळ खोकला. "नवा कर एक. घे माप."

अचूकरावाने खिशातला मेणाचा दोरा काढून त्याच्या कमरेभोवती फिरवला. दोऱ्याची टोकं एकमेकांना भेटून पुष्कळ पुढे गेली. खूण म्हणून त्याने गाठ मारली, ती चांगली वीतभर सैल.