सिस्टरांची स्वच्छ गटार

मी तेव्हा नाशिकच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. वॉर्डातल्या सिस्टर चांदवडच्या, बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या. इंजेक्शनच्या बाटलीत उरलेलं अँपिसिलिन त्या रोज मोरीत ओतायच्या. मी चिडले की म्हणायच्या, "अगं, जंतू मरतात त्यानं! माझ्या मोरीसारखी स्वच्छ गटार अख्ख्या नाशकात नाय. तपासून बघ, जंतू निघाला तर भजी माझ्याकडून."

मी लगेच गटारीचं पाणी आणलं, जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत पसरलं आणि मधोमध अँपिसिलिनची चकती ठेवली. औषध लागू पडलं तर चकतीभोवती मोकळं रिंगण दिसतं. दुसऱ्या दिवशी पाहते तो जंतूंची दाट साय थेट चकतीला खेटलेली.

"हे मुडदे औषधाला भीत नाय?" सिस्टर म्हणाल्या.

"कमजोर होते ते मरून गेले. उरलेत ते पैलवान. तुमच्याच खुराकावर पोसलेले!"

त्या इतक्या हसल्या की डोक्यावरची टोपी निसटली. भजी आली, गरम आणि भरपूर. खाऊन झाल्यावर हात धुवायला त्यांनी मोरीचा नळ सोडला आणि एकदम थबकल्या.

"ही गटार पुढं जाते कुठं गं?"

"गोदावरीत."

त्यांनी नळ बंद केला आणि तेलकट हात पांढऱ्याशुभ्र पदराला पुसले.