बिट्टू आणि बंद कूलर

दुपारी एक चाळीसला दामिनी मशीनवर ब्लाउज शिवत होती आणि बिट्टू खोलीभर फेऱ्या मारत होता. अर्धा पॉमेरेनियन, अर्धा गावठी असा हा लहानसा कुत्रा रविवारी अमरावतीहून आला, तेव्हापासून तो ना नीट जेवला, ना कुठे टेकला. नवरा सेमाडोहला नोकरीला, दिवसभर घर खायला उठायचं, म्हणून तिनेच तो मागून घेतला होता. पहिल्याच दिवशी बिट्टू बंद कूलरसमोर उभा राहून भुंकला. घाबरला असेल, असं समजून अकोल्याच्या मे महिन्यातही तिने कूलर लावलाच नाही.

शेवटी तिनेच फोन केला, आणि आज तिचा दीर अंकुर त्याला परत न्यायला अमरावतीहून आला होता.

"वहिनी, काहून भट्टीत बसल्या?"

"त्याले कूलरचं भेव वाटते."

"मले नाई वाटत."

पाहुण्यासाठी तिला कूलर लावावाच लागला. बिट्टू धावत आला, एकदा भुंकला आणि थेट झोतासमोर फरशीवर आडवा झाला. डोळेही मिटले. दामिनीने कपाळाचा घाम पुसला.

"मंग, नेऊ का?" अंकुरने विचारलं.

"तुमी सरका भाऊजी. त्याची हवा अडवून राहिले."

उद्या त्यांच्या गल्लीत नळाची पाळी आहे. सकाळी सहाला पाणी येईल, आणि आधी कूलरची टाकी भरायची आहे.