कंबर गेलेली गाडी

"जो माणूस स्वतःच्या गाडीखाली कधी झोपला नाही, त्यानं तिला आपली म्हणू नये," असं आमच्या घरासमोरचे शेजारी फार गंभीरपणे सांगत. सांगताना ते चहाचा कप घेऊन उभे असत. गाडीखालून त्या वेळी माझ्या वडिलांचे पाय दिसत.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात आमचं आणि त्यांचं दार समोरासमोर. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. घरात तेलुगू बोलत, बोळात मराठी आणि स्वतःच्या जुन्या पांढऱ्या गाडीशी दोन्ही. "घाई कुणालाय?" हे त्यांचं पालुपद. बँकेत काउंटरच्या आत बसूनही ते हेच म्हणत असणार, अशी मला शंका आहे. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. साधा नट फिरवतानाही ते मुहूर्तावर नारळ फोडल्यासारखा चेहरा करतात आणि बघणारेही नकळत हात जोडायच्या बेतात येतात.

मी कॉलेजात ग्रंथपाल. आई गेल्यावर आबांना जवळच्याच आमच्या गावाहून, मंद्रूपहून, घेऊन आलो. शेरडं विकली, शेत वाट्यानं दिलं. आता आबांनी आराम करायचा, असं मी ठरवलं. मोठा टीव्ही आणला, ठळक अक्षरातली पुस्तकं आणली, संध्याकाळी बागेत नेऊ लागलो. आबा सगळ्याला "व्हय" म्हणत. मग दिवे लागले की विचारत, "मला गावाकडं कवा सोडतो?"

वर्षभर आमचं एवढंच बोलणं होतं.

मग एका रविवारी समोरच्यांची गाडी बोळाच्या तोंडाशी गतिरोधकावरून आली आणि पुढून खडाड् असा आवाज झाला. आबा उठले, चप्पल घालून बाहेर गेले. बाजारात शेरडाच्या पाठीवर अंगठा दाबून बघतात, तसं त्यांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर वजन टाकून सोडलं. गाडी डुलतच राहिली.

"कंबर गेली की हिची," आबा म्हणाले.

समोरच्यांना गॅरेजवाल्यानं आदल्याच दिवशी सांगितलं होतं की पुढचे दोन्ही शॉकअप आणि स्प्रिंगा बदलाव्या लागतील. ते हरखले. "आबा, तुम्ही इतके दिवस होता कुठं?" असं त्यांनी सगळ्या बोळाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं. आबा समोरच राहत होते. आणि 'आबा' हा शब्दही तोवर माझा होता.

पुढच्या रविवारपासून काम सुरू झालं. जुनी चादर अंथरली गेली, गाडी जॅकवर चढवून पुढून लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाकं निघाली. गंजलेले बोल्ट तेल पाजून दिवसभर मुरत ठेवले. शॉकअप अडून बसला तेव्हा आबांनी "वासरू वडल्यागत वडा, हिसका नगं" असं बजावलं आणि तो निघाला. जुन्या शॉकअपवरची स्प्रिंग दोन शिकंज्यांत धरून, दोन्हीकडे सारखा सारखा आटा देत दाबायची असते. एका बाजूला जास्त झालं तर ती उसळून कुणाचंही तोंड फोडते. समोरचे एकीकडे आटा देत, आबा दुसरीकडे. दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत. मी गॅलरीत पेपर घेऊन बसे. अग्रलेख काय होता, ते मला एकाही रविवारी सांगता आलं नसतं.

एकदा न राहवून मी खाली जाऊन म्हटलं की गॅरेजवाला हे अर्ध्या दिवसात करून देतो.

"देतो की, सर," समोरचे म्हणाले. "पण मग आम्ही दोघांनी काय करायचं?"

गाडीखालून आबांचा आवाज आला, "त्याला पान्याचा नंबर इचारू नका. पुस्तकाचा इचारा."

दोघं हसले. आबांना मी कित्येक दिवसांनी हसताना ऐकलं, आणि तेही माझ्यावर.

डावी बाजू झाली. उजवी जोडायच्या वेळी एक रबरी ठोकळा गायब. तो शॉकअपच्या दांड्यावर बसतो, गाडी खड्ड्यात आपटली तर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून. समोरच्यांनी चादर झटकली, कुंड्या हलवल्या, टॉर्च घेऊन गटारात वाकले. मिळाला नाही. काम पुढच्या रविवारवर गेलं.

दुसऱ्या दिवशी धुण्यात टाकलेल्या आबांच्या बंडीचे खिसे बायकोनं तपासले, तर ठोकळा तिथं होता.

मी तो घेऊन तडक समोर गेलो. खोटं कशाला सांगू, पावलं जरा उत्साहानंच पडत होती. त्यांनी ठोकळ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"खिशात घालताना बघितलं होतं मी," ते म्हणाले.

"मग गटारात कशाला वाकला होता?"

"कुणी शोधलंच नाही, तर लपवणाऱ्याला कसं वाटेल, सर? परत ठेवा खिशात. सापडेल कुठल्या तरी रविवारी."

बंडी वाळल्यावर मी ठोकळा परत खिशात ठेवला. त्या दिवशी जेवताना आबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि शेंगाचटणीचा डबा माझ्या पुढ्यात सरकवला.

ठोकळा त्या रविवारी सापडला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आबांनाच कुंडीमागे सापडला. समोरच्यांनी "घारीची नजर!" असं जाहीर केलं आणि बोळातल्या लोकांनी मान डोलावली. मीही डोलावली.

गाडी पुन्हा चाकांवर उभी राहिली तेव्हा समोरचे आबांना घेऊन मंद्रूपपर्यंत चक्कर मारून आले. मला मागच्या सीटवर जागा मिळाली. खड्डे आले, गतिरोधक आले. आबा म्हणाले, "पाण्यावरनं चालल्यागत वाटतंय." त्याच रस्त्यानं मी माझ्या नव्या गाडीतून त्यांना किती वेळा नेलं असेल. तेव्हा त्यांनी फक्त काच खाली करायला सांगितली होती. आणि त्या संध्याकाळी दिवे लागले तरी त्यांनी गावाकडे कधी सोडतोस, असं विचारलं नाही.

यंदा उन्हाळ्याआधी समोरचे हैदराबादला मुलीकडे राहायला गेले. गाडी घेऊन गेले. निघताना आबांनी चारही चाकांचे नट तपासले, एकेक, सावकाश. मग गाडी वळली. समोरच्या दाराला कुलूप आहे. आबा सकाळी त्यांच्या पायरीवर जाऊन बसतात आणि ऊन आलं की घरी येतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी पुन्हा गावाचं विचारलं. मी म्हणालो, "आबा, आपल्या गाडीचं काम काढू या का? आपण दोघं?"

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं. "हिला काय झालंय?" म्हणाले. "काय बी न्हाय."

तेव्हापासून मी प्रत्येक गतिरोधकावरून गाडी जोरात नेतो. आबा शेजारी बसून "सावकाश की" म्हणतात. गाडी जराही वाजत नाही. तिची वॉरंटी अजून तीन वर्षं आहे.