एक हजेरी राहिली

‘पोरीला खिचडीच्या शाळेत घातलीस?’ पाचूबंदरला मासळी घेताना, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, ओळखीची बाई भेटली की हा प्रश्न ठरलेला. वर डोळे बारीक करून, ‘नवऱ्याला तर बरी नोकरी आहे ना गं?’ सुरुवातीला मी हसून सोडून द्यायचे. मग एकदा डोकंच फिरलं. म्हटलं, ‘हो, खिचडीच्याच. मटकीची उसळही असते. येतेस का जेवायला?’ तेव्हापासून ती बाई मला लांबूनच हात दाखवते.

माझं माहेर वटारचं. लग्न होऊन जवळच्याच गावात आले. घरामागच्या गल्लीतच जिल्हा परिषदेची मराठी शाळा. सासरची सगळी माणसं त्याच शाळेत शिकलेली, आणि त्यांची सगळी मुलं पिवळ्या बसमधून लांबच्या इंग्रजी शाळेत जाणारी. माझी मुलगीही आधी त्याच बसमध्ये बसायची. घरात दिवसभर टकळी चालवणारी पोर तिथून आली की मुकी. काय शिकवलं विचारलं तर मान खाली. पहिलीला मी तिला मागच्या गल्लीतल्या शाळेत नेऊन बसवलं, आणि दिवाळीच्या आत बाईसाहेब मला दटावायला लागल्या, ‘मम्मी, मधे बोलू नको, माझी गोष्ट संपली नाही.’ मला दुसरं काही नको होतं.

म्हणून शाळा चांगलीच आहे असं मी म्हणणार नाही. मी काही आंधळी नाही. संडासाच्या दाराला कडी नव्हती. दोन वर्ग एका खोलीत. बाई हुशार, जीव लावणाऱ्या, पण आज निवडणुकीचं काम, उद्या कसला तरी सर्व्हे. त्यांना शिकवू देतील तर शपथ! या सगळ्यासाठी मी पंचायतीत भांडले, तालुक्याला जाऊन भांडले. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्षही मीच, कारण दुसरं कुणी तयारच झालं नाही. कडी बसली. दुसऱ्या खोलीचं घोंगडं अजून भिजत पडलंय. पण हे सगळं ज्यांची मुलं आत बसतात त्यांनी बोलायचं. इथे तर ज्यांनी शाळेचं फाटक वर्षानुवर्षं ओलांडलं नाही, तेच शाळेचा निकाल लावून मोकळे.

गेल्या उन्हाळ्यात बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पट असाच कमी राहिला तर शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेला जोडतील. म्हणजे आमची बंद. पोर आत्ता कुठे बोलायला लागली होती.

आणि नेमका त्याच सुट्टीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. पुढाकार माझ्या थोरल्या दिरांचा. त्यांचा नातूही त्याच पिवळ्या बसमध्ये. हल्ली मेळाव्यांत पुन्हा वर्ग भरवायची पद्धत आहे ना, तसाच. घंटा झाली, प्रार्थना झाली. पोट सुटलेली, केस पांढरे झालेली माणसं छोट्या बाकांवर कशीबशी मावली. निवृत्त गुरुजींनी हजेरी घेतली. ‘हजर गुरुजी!’ ‘हजर!’ दुबईला असलेल्या मित्राची हजेरी दुसऱ्यानेच लावली, तेव्हा गुरुजींनी त्याचा कान धरला आणि हशा पिकला. बायका डोळे पुसत होत्या. खरं सांगते, माझेही डोळे भरून आले.

मग भाषणं. या मातीने घडवलं, या शाळेचे ऋण, मराठी टिकली पाहिजे. दिरांनी जाहीर केलं की फाटकावर दगडी कमान बांधायची. टाळ्याच टाळ्या. शाळा बंद व्हायला टेकलीय हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर एक अवाक्षर नाही!

शेवटी आभार मानायला मला उभं केलं. मी म्हटलं, ‘एक हजेरी राहिली. आत्ताच्या शाळेची.’

स्वागतगीतासाठी आणलेली मुलं मागे भिंतीला टेकून उभी होती. बाई बिचकल्या, पण त्यांनी नावं घेतली. मुलांनी ‘हजर’ म्हटलं. बाहेर खिचडीवाल्या मावशींनी चहा ठेवला होता. तो उकळायच्या आत हजेरी संपली.

मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘पण ही तर वाडीतल्या गड्यांची पोरं. आपल्या गावातलं कोण आहे यात?’

झालं. माझा तोल सुटला. ‘त्यांच्या बापाने उचललेला केळीचा घड तुमचा, त्यांच्या आईने खुडलेला मोगरा तुमचा, आणि पोरं तेवढी परकी? ही इथे राहतात, इथे शिकतात. शाळा त्यांची आहे. तुम्ही आज पाहुणे आहात. चहा घेऊन जा.’

‘आभार मानायला उभी केली होती तुला, भांडायला नाही,’ दीर घरी येऊन गरजले. सासूबाई महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. नवरा म्हणाला, ‘जरा गोडीत सांगायचंस.’ गोडीत! गोडीत सांगून सांगून बाईंचा घसा बसला होता.

जून उजाडायच्या आधी मी आणि बाई वाड्यावाड्यांतून फिरलो. विहिरीवरच्या पंपाशेजारच्या खोल्या, पत्र्याच्या शेड, नव्या इमारतींच्या कामावरच्या झोपड्या. कुणाची मुलं जव्हारकडून आलेली, कुणाची पार उत्तरेकडून. एक आई म्हणाली, ‘दीदी, हमको लगा गाँववालों का स्कूल है.’ मी म्हटलं, ‘गाँववालों को भी ऐसाच लगता है. तुम बच्चा भेजो.’ माझी मुलगी पुढे पुढे, आपल्या बाईंची तारीफ करत. तिला आता कोण गप्प करणार?

जुलैत पट तपासायला तालुक्याचे साहेब येणार असं कळलं. आदल्या दिवशी दिरांचा फोन. आवाज मऊ. ‘आम्ही सगळे माजी विद्यार्थी येऊन उभे राहतो. साहेबावर वजन पडेल.’

‘भाऊजी, तुम्ही नका येऊ,’ मी म्हटलं. ‘नातवाला पाठवा.’

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

नातू आला नाही. पिवळी बस नेहमीसारखी हॉर्न वाजवत आमच्या दारावरून गेली. नव्या कमानीवर देणगीदारांची नावं चकाकत होती आणि तिच्याखालून वाडीतली पोरं चिखलाच्या पायांनी आत शिरत होती. साहेब खुर्चीत बसले. मावशींनी त्यांच्यासाठी चहा ठेवला. बाईंनी हजेरी सुरू केली. माझी मुलगी एवढ्या मोठ्याने ‘हजर’ म्हणाली की साहेबांनी मान वर केली. मग एकेक नाव, एकेक ओरडा. मावशी दाराशी येऊन ऐकत राहिल्या. मागे चहा उतू गेला.