हळदीकुंकवाची फ्लॉपी

कडेगावात राजेश्वरीचा एका कॉम्प्युटरचा क्लास होता. खंडेनवमीला सासूनं कोयत्याशेजारी ठेवून, बंद पडलेलं मशीन चालू करायची बूट फ्लॉपीबी पुजली. पुढं व्हायरसनं मशीन बसलं. विंडोज नव्यानं घालायला राजेश्वरीनं तीच फ्लॉपी लावली, तर आत हळदीकुंकू गेलेलं; चालंना.

"क्लास बंद कर, उसाकडं बघ," सासरा मानसिंग गुरगुरला.

ती नवी फ्लॉपी करून घ्यायला तडक यष्टीनं सांगलीला कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "मशीनच इकडं आणा ताई. ही बायकांची कामं नव्हंत."

"तुमी निस्तं खुर्चीवरनं उठा."

त्याच्याच मशीनवर तिनं नवी फ्लॉपी केली. घरी येऊन डिस्क कोरी करून विंडोज घालायला बसली. सासरा दारात येऊन बघत राहिला.

"आवं मामंजी, उभं काय ऱ्हायलाय? उद्या क्लास हाय. तेवढी बाकडी पुसून घ्या."