खाऱ्या विहिरीतलं मूठभर मीठ

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. आज नातवानं हुरडा भाजला आणि अकोल्याजवळची आमची मिठाची विहीर आठवली. तिच्या खाऱ्या पाण्याचं मीठ आतल्या भिंतींवर साचायचं, पण भिंती ढासळायला लागल्यापासून तिथलं मीठ काढणं बंद पडलं होतं.

तरुणपणी एकदा आम्हा मित्रांचा विहिरीजवळच हुरडा होता. मीठ आणायचं काम माझं. गमतीनं खिशातली पुडी लपवून मी म्हणालो, "विसरलो."

"मिठाच्या विहिरीपाशी मिठाले रडून राहिला बे!" म्हणत गजा दोरानं आत उतरला. तेवढ्यात वरची माती कोसळली. आम्ही जीव खाऊन त्याला ओढलं. गजा मातीनं माखलेला, मुठीत मीठ.

"खा लेकहो!"

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका गोड हुरडा पुन्हा खाल्ला नाही.

गजा गेल्या वर्षी वारला. "गजा, मीठ माह्या खिशात होतं रे. माफ कर मले," एवढंच सांगायचं राहिलं.